उद्योगव्रती शेठ वालचंद हिराचंद

रत्नागिरीच्या बंदरावरून आगबोटीने मुंबई गाठलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी असे. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे, ट्रंका-वळकट्या सावरीत, लाटांच्या हेलकाव्यांचा अंदाज घेत वर चढावे लागे. आणि पावसाळा लागला की हा मार्गही बंद होई. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली धावली, परंतु आपल्या जिल्ह्याला रेल्वेचे दर्शन घडले ते कोकण रेल्वेच्या रूपाने १९९० च्या दशकात. तोवर समुद्र हाच रत्नागिरीचा राजमार्ग होता. हापूसच्या पेट्या याच मार्गाने जात, गिरणीत पोट भरावयास निघालेला चाकरमानी याच मार्गाने जाई आणि बाजारपेठेतील दुकानांचा माल याच मार्गाने येई. या राजमार्गावरील वाहतुकीचा मोठा हिस्सा दीर्घकाळ किलिक निक्सन या गोऱ्या पेढीच्या व्यवस्थापनाखालील बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती होता. तीच कंपनी पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या हिंदी कंपनीच्या छत्राखाली आली. या सिंदिया कंपनीचे प्राण म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर, सोलापूरच्या कोरड्या माळावर जन्मलेले एक जैन गृहस्थ : शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदजींचा रत्नागिरीशी जन्माचा वा वास्तव्याचा संबंध नव्हता, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. तरीही आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे, यास सबळ कारण आहे. आपल्या समाजाने दानशूर शेठ पुष्कळ पाहिले. मंदिरांच्या जीर्णोद्धारापासून बोर्डिंगांपर्यंत त्यांच्या नावाच्या शिळा जागोजाग आहेत आणि त्याबद्दलची कृतज्ञता आपण नित्य व्यक्त करतोच. वालचंदजींचे मोठेपण निराळ्या जातीचे. जो धंदा आपल्या माणसांनी कधी केला नाही, तो आपल्याला का जमू नये, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. आणि त्याचे उत्तर शोधताना स्वतःचे व इतरांचेही पुष्कळ धन पणाला लावले. काही डाव ते जिंकले, काही हरले आणि काही जिंकूनही त्यांच्या हातून निसटले.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर हुमड जैन. व्यापाराच्या निमित्ताने दक्षिणेत आले आणि सोलापुरात स्थिरावले. वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले. पिता हिराचंद नेमचंद हे सराफी व कापसाचा व्यापार करणारे, परंतु त्यांची खरी ओळख धर्मसुधारक म्हणून. 'जैन बोधक' हे मराठी मासिक त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सोलापुरातून सुरू केले. जैन शास्त्रे छापावीत की नाही, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. हस्तलिखित पोथी शुद्ध सोवळ्यात लिहावी, शास्त्रभांडारात वेष्टनात बांधून ठेवावी आणि पंडिताच्या मुखातून ऐकावी, ही परंपरा. छापखान्याची शाई, यंत्राचे रूळ, कोणाचेही हात लागणारे कागद यांनी शास्त्राचा अविनय होतो, अशी सनातनी मंडळींची प्रामाणिक समजूत होती. हिराचंदजी छापण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. पोथी भांडारात सुरक्षित राहिली आणि श्रावकाला तिचा अर्थच कळला नाही, तर तिचे रक्षण झाले असे म्हणता येईल काय, असा हा विचार होता. वालचंदजींच्या चरित्रात त्यांच्या धाडसाचे वर्णन अनेकांनी केले आहे. मला मात्र त्या धाडसाचे मूळ वडिलांच्या या भूमिकेत दिसते. रूढ मार्गाने न जाताही धर्मनिष्ठ राहता येते, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर त्यांचे पुढील शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले. पदवी मात्र पदरात पडली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशेब पाहण्यात त्यांचे मन रमेना. याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, निविदा कशा भरतात, मोजमाप कसे होते, हे त्यांना ठाऊक. भांडवल मात्र नाही. वालचंदजींपाशी पेढीची पत होती, कामाची माहिती नव्हती. दोघे भागीदार झाले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्याच्या कामापासून 'फाटक-वालचंद' या नावाचा प्रारंभ झाला. शेठजींच्या मुलाने मातीच्या ढिगाऱ्यांवर उभे राहून मजुरांची हजेरी घ्यावी, हे त्या काळच्या सोलापूरच्या व्यापारी पेठेला नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही.

येथे एक गोष्ट धर्माच्या दृष्टीने सांगावीशी वाटते. बांधकाम, शेती, यंत्र यांत जीवहिंसा अधिक, म्हणून श्रावकाने व्यापार व सराफी करावी, असे आपल्यातील अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. परंतु आपल्याच शास्त्रांनी संकल्पी हिंसा आणि उद्योगी हिंसा यांत भेद केला आहे. गृहस्थाला पहिली सर्वथा वर्ज्य, दुसरी यत्नपूर्वक कमी करावयाची. सांगली-कोल्हापूर भागातील आपले बांधव शेकडो वर्षे शेती करीत आले आहेत. आणि भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, हे तर आपण दर पर्युषणात ऐकतो. त्या सहांपैकी वाणिज्य तेवढे धरून बाकीची पाच सोडून द्यावीत, असे कोठेही सांगितलेले नाही. वालचंदजींनी कृषी आणि शिल्प या दोन्ही कर्मांना हात घातला.

ठेकेदारीत त्यांनी लवकरच मोठी झेप घेतली. १९२० मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. तिने बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदले, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या मोठ्या नळमार्गाचे काम केले. १९३५ मध्ये टाटा बाहेर पडल्यावर ती प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली. ही कामे करीत असता वालचंदजींची नजर नेहमी एका ठिकाणी अडखळे : काम हिंदी मजूर करतो, परंतु सामान बाहेरून येते. पाण्याच्या योजनांना लागणारे लोखंडी नळ विलायतेहून येत, बोटीचे भाडे भरीत आणि काही वर्षांत गंजत. त्याच काळात ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी काँक्रीटचे नळ करण्याची एक नवी रीत काढली होती. पोलादी सळ्यांचा पिंजरा घातलेला गोल साचा आडवा ठेवून वेगाने फिरवावयाचा आणि त्यात काँक्रीट सोडावयाचे. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर घट्ट दाबले जाते, जादा पाणी आतल्या बाजूस निघून येते आणि दाट, गुळगुळीत, न गंजणारा नळ तयार होतो. ताक घुसळताना भांड्याच्या कडेने वर चढते, त्याच तत्त्वाचा हा उपयोग. १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन झाली.

या उद्योगातील वालचंदजींचा स्वतःचा शहाणपणा साच्यात नव्हता. साचा ह्यूम यांचाच होता. शहाणपणा होता तो कारखान्याची जागा ठरविण्यात. काँक्रीटचा नळ जड, दूर न्यावयाचा तर वाहतुकीचा खर्च नळाच्या किमतीवर चढतो आणि वाटेत तो फुटतोही. म्हणून एकाच शहरात अवाढव्य कारखाना काढण्याऐवजी जेथे पाण्याची योजना, त्याच्या जवळपास लहान कारखाना काढावयाचा, हा प्रघात कंपनीने पाडला. वाळू आणि खडी तेथलीच, मजूर तेथलेच. नवी कल्पना म्हणजे नवे यंत्र, असे आपण सहसा समजतो. दुसऱ्याचे यंत्र आपल्या मातीत कसे बसवावे, हा विचारही तेवढाच नवा असू शकतो.

आता जहाजांकडे वळू. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तेव्हा बोटींचा जगभर तुटवडा होता. दिल्लीहून मुंबईस येताना आगगाडीच्या डब्यात वालचंदजींची गाठ एका स्कॉटिश जहाजतज्ज्ञाशी पडली आणि त्याच्या बोलण्यातून, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विकाऊ असल्याचे त्यांना कळले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. युद्धकाळात महाराजांनी ती घेऊन रुग्णालय-बोट म्हणून दिली होती. वालचंदजींना बोटींची कसलीही माहिती नव्हती. तरीही त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मुंबईतील मातब्बर मंडळींना या कल्पनेत ओढले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली, अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपयांचे. आणि नोंदणीनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, 'लॉयल्टी'ने हिंदी मालकीची बोट म्हणून मुंबईहून लंडनसाठी नांगर उचलला.

हे वाचताना अभिमान वाटतो, परंतु व्यापारी माणसाने हिशेबही पाहिला पाहिजे. 'लॉयल्टी' १८९१ सालची, म्हणजे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची बोट होती. तिने नफा कधी दिला नाही आणि १९२३ मध्ये ती मोडीत काढावी लागली. युद्धानंतरच्या चढत्या भावात कंपनीने मालवाहू बोटी घेतल्या आणि पाठोपाठ जगभर भाड्याचे दर कोसळले. शिवाय समोर उभी होती लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. हिंदी बोटी बुडविण्याची या परकीय कंपन्यांची रीत जुनीच होती : नवा स्पर्धक आला की भाडे तोट्यात उतरेल इतके खाली आणावयाचे, तो संपला की पुन्हा चढवावयाचे. जमशेटजी टाटांची चीन-जपानकडील बोटसेवा अशीच बंद पडली होती. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी कंपनीही टिकू शकली नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर लोकांनी मोठ्या प्रेमाने 'माझी आगबोट' म्हणून जिला आपले मानले, त्या कंपनीलाही हीच झुंज द्यावी लागली. सिंदियाच्या वेळीही ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचे भाडे निम्म्याहून खाली आणण्यात आले. सिंदिया विकत घेण्याचाही प्रस्ताव आला.

१९२३ साली वालचंदजी व त्यांचे सहकारी ज्या पेचात सापडले, तो मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग वाटतो. कंपनी विकली असती तर भागधारकांचा पैसा सुटला असता आणि कोणी नावेही ठेवली नसती. लढत राहिले असते तर एक-दोन वर्षांत दिवाळे निघाले असते. त्यांनी तिसरा मार्ग घेतला, आणि तो अपमानाचा होता. इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने ठराविक टनांपलीकडे बोटी वाढवावयाच्या नाहीत, परदेशी मार्गावर जावयाचे नाही, प्रवासी न्यावयाचे नाहीत. केवळ किनाऱ्याने माल वाहावयाचा. लंडनला निघालेल्या कंपनीने कालिकत-रंगून करीत बसावयाचे. या कराराबद्दल राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी त्यांना दोष दिला आणि तो दोष सर्वस्वी अन्यायाचा होता असे म्हणता येत नाही. परंतु कंपनी जिवंत राहिली. आधीच्या सर्व स्वदेशी बोट कंपन्यांच्या नशिबी जे आले नाही, ते सिंदियाला मिळाले : वेळ. नवे काही करू पाहणाऱ्याला कधी कधी फक्त टिकून राहण्यासाठी मान खाली घालावी लागते, आणि ते धाडसाइतकेच अवघड असते.

त्या दहा वर्षांत ते स्वस्थ बसले नाहीत. किनारी वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवावी, या मागणीसाठी त्यांनी देशभर लोकमत जागविले. १९२८ मध्ये सारभाई हाजी यांनी त्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते पार पडले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र तेच धोरण सरकारने स्वीकारले. १९२७ पासून 'डफरिन' या प्रशिक्षण-बोटीवर हिंदी तरुणांना बोटीवरील अधिकारी होण्याचे शिक्षण मिळू लागले होते. त्यापूर्वी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील शेकडो दर्यावर्दी गोऱ्यांच्या बोटींवर खलाशी, सारंग, आगवाले म्हणून राबत. बोट त्यांच्याइतकी कोणास ठाऊक नसे, परंतु तिच्या पुलावर उभे राहून हुकूम देणारा मनुष्य दुसऱ्या वर्णाचा असे. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे अपघाती निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदजींकडे आले. ते १९५० पर्यंत त्यांच्याकडे राहिले. कराराची मुदत संपल्यावर कंपनीने पुन्हा प्रवासी वाहतुकीकडे पाऊल टाकले. १९३७ मध्ये हज यात्रेकरूंसाठी 'अल्-मदिना' ही बोट सुरू झाली आणि त्या मार्गावरील परकीय मक्तेदारीला प्रथमच आव्हान मिळाले. जैन शेठजींच्या कंपनीने मक्केच्या यात्रेकरूंची सोय करावी, याचे त्या काळी काहींना कौतुक, तर काहींना कुतूहल वाटले. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. येथे एकाच बंदरावर सर्व धर्मांच्या माणसांची बोट एकच असे.

जहाजांच्या जोडीला जमीनही होती. मालेगावजवळ रावळगाव येथे १९२३ मध्ये त्यांनी दीड हजार एकरांच्या आसपास माळजमीन घेतली. दगडधोंड्यांची, गवत वाढलेली ती जमीन पाहून, शेठजींनी बुडीत सौदा केला, असे अनेकांना वाटले. दगड वेचले, माती तपासली, यंत्राने नांगरट केली, पाणी आणले, ऊस लावला. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगास जकातीचे संरक्षण दिले, तेव्हा रावळगावचा ऊस उभा होता आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना सुरू झाला. इंदापूर तालुक्यातील कळंब येथेही त्याच सुमारास ऊस आणि साखर आली व त्या गावाचे वालचंदनगर झाले. रावळगावच्या गोळ्या आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी चघळल्या आहेत. वालचंदनगरमध्ये मोडतोड दुरुस्त करण्यासाठी जी कर्मशाळा होती, तिच्या परंपरेतून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि कालांतराने अवकाश संशोधनासाठी लागणारे अग्निबाणांचे भागही तेथे घडले. ज्या माळावर पूर्वी कुसळे उगवत, तेथे हे सर्व झाले.

१९३९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धावपळीचे. हिंदुस्थानात मोटारी बनवाव्यात, ही विश्वेश्वरय्या यांची जुनी योजना; तिच्यासाठी वालचंदजी अमेरिकेस गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी पडली, जे चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत. पुन्हा एकदा प्रवासातील गाठ! मुक्कामाला पोहोचेपर्यंत विमान कारखान्याची कल्पना पक्की झाली होती. म्हैसूर संस्थान व त्याचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगलोरला जागा व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदविली गेली. पुढच्याच वर्षी तेथे जोडलेले पहिले विमान आकाशात गेले. परंतु जपान युद्धात उतरला, युद्ध ब्रह्मदेशापर्यंत आले आणि १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदजींचा हिस्सा मोबदला देऊन विकत घेण्यात आला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही त्याच कारखान्याची वारसदार होय.

जहाज बांधणीचा कारखाना ही त्याहून जुनी आकांक्षा. कोकणच्या खाड्यांत मराठ्यांची आरमारी गलबते बांधली जात, विजयदुर्गाजवळ गोदी होती; लाकडी जहाजे बांधणारा देश पोलादी जहाज का बांधू शकत नाही, हा त्यांचा सवाल. कलकत्त्यास योग्य जागा मिळेना, तेव्हा विशाखापट्टण निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. युद्धात बोटींची एवढी निकड असूनही परकीय सरकारने या कारखान्यास मनापासून साह्य केले नाही. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणवर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कळीत झाले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' ही तेथे बांधलेली पहिली बोट पाण्यात सोडली गेली. मोटारींसाठी फोर्डशी बोलणे जमले नाही, क्रायस्लरशी जमले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जन्म पुढे याच कारखान्यातला. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

एवढे सर्व एका माणसाने केले, असे म्हणणे मात्र योग्य होणार नाही. फाटकांवाचून ठेकेदारी नव्हती आणि नरोत्तम मोरारजींवाचून सिंदिया नव्हती. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी मागची बाजू सांभाळली नसती, तर निम्मे उद्योग कागदावरच राहिले असते. वालचंदजी कल्पनेत जेवढे पुढे असत, तेवढे रोकडीत नसत. एक काम मार्गी लागण्याआधी दुसऱ्याचा पाया घालण्याची त्यांना सवय होती आणि त्याचा ताण कंपन्यांच्या हिशेबांवर पडे. काटेकोर स्वभावाच्या व्यापाऱ्याला हे दोष खटकतील, आणि खटकले पाहिजेत. परंतु त्यांच्या उद्योगांची यादी नुसती पाहू नये. ती एकामागून एक कशी गुंफली गेली, ते पाहावे. बांधकामातून नळ आला, जहाजातून जहाजबांधणी आली, ऊस लावला म्हणून साखर आली आणि साखरेच्या यंत्रांतून यंत्रशाळा आली. प्रत्येक ठिकाणी, हातातल्या कामात जे बाहेरून आणावे लागत होते, तेच त्यांच्या पुढच्या उद्योगाचे बीज ठरले.

व्यापारी संघटनांच्या कामातही त्यांनी लक्ष घातले. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. मराठी भाषिक प्रदेशातील व्यापाऱ्यास मुंबईच्या मोठ्या पेढ्यांसमोर स्वतःचा आवाज असावा, हा त्यामागील हेतू. गुजराती मातृभाषेच्या घरात जन्मलेल्या गृहस्थांनी महाराष्ट्राच्या नावाची संस्था काढली, ही गोष्ट आपल्यासारख्या, घरात एक व पेठेत दुसरी भाषा बोलणाऱ्या अनेक कुटुंबांना जवळची वाटावी.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते कामावर परतू शकले नाहीत आणि १९५० मध्ये त्यांनी सर्व पदे सोडली. विमान कारखाना आधीच सरकारकडे गेला होता. जहाजबांधणीचा कारखानाही आर्थिक ओझ्यामुळे सिंदियाला पेलवेना आणि १९५२ मध्ये तो सरकारच्या ताब्यात जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला. स्वतः उभारलेल्या दोन मोठ्या वास्तूंवरचे आपले नाव पुसले गेल्याचे त्यांना रुग्णशय्येवरून पाहावे लागले. या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. मृत्यूनंतर सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत बॅलार्ड इस्टेटकडे जाणारा रस्ताही वालचंद हिराचंद मार्ग म्हणून ओळखला जातो.

गुजरातमधील सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांनी देह ठेवला. 'लॉयल्टी'ने मुंबई सोडल्याला तीन दिवसांपूर्वीच चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.